जुन्या मियाटाला आधी टर्बो बसवावा की नाही?

ब्रिटनमध्ये घेतलेल्या पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ ला, म्हणजे १९८९ साली बाजारात आलेल्या मियाटा या छोट्या स्पोर्ट्स कारला, लगेच टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून ताकद वाढवणारे यंत्र) बसवावा का, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे, की पहिले वर्ष टर्बोचा विचार करू नये.

सर्वप्रथम गंज तपासावा. कापडी छपरावरचे पाणी सीटमागच्या दोन कोपऱ्यांतील निचऱ्याच्या नळ्यांतून खाली जाते. त्या नळ्या पालापाचोळ्याने तुंबल्या की पाणी सिलमध्ये, म्हणजे दाराखालच्या पोकळ पत्र्याच्या पट्टीत, साचते आणि पत्रा आतून कुजत जातो, बाहेरचा रंग मात्र बराच काळ शाबूत दिसतो. मागच्या चाकापुढचा सिलचा भाग अंगठ्याने दाबून पाहावा. रंगाला फुगवटा असेल किंवा पत्रा करकरला, तर टर्बोचे पैसे वेल्डिंगसाठी राखून ठेवावेत. हिवाळ्यात तिकडे रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे गाडीचा तळ खालूनही धुवावा.

टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपांची वेळ जुळवणारा पट्टा, ९६,००० किलोमीटरच्या आसपास बदलायचा असतो. त्याची पावती नसेल, तर तो बदललेलाच नाही असे समजावे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलावे.

बदल करायचेच असतील, तर चांगले टायर, ब्रेक पॅड आणि व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) यांपासून सुरुवात करावी, कारण जेमतेम साडेनऊशे किलोंच्या या गाडीचा खरा आनंद वळणावर आहे. प्रत्येक बदल विमा कंपनीला आधी कळवावा.