जपानमधील फारसे परिचित नसलेले एखादे लहान शहर कोणते?

टोकियो आणि क्योतो वगळून जपानमधील एखाद्या लहान शहराची ओळख करून द्यावी, असे आपण विचारले आहे. नोकरीनिमित्त साप्पोरोत राहत असताना मी दोनदा युबारीला गेलो होतो, म्हणून त्याविषयीच लिहितो.

होक्काइदो बेटावर, साप्पोरोच्या पूर्वेला, हे शहर एका चिंचोळ्या दरीत लांबच लांब पसरले आहे, कारण येथील वस्ती खाणींच्या तोंडाशी वाढत गेली. १८८८ मध्ये येथे कोळशाचा जाड थर सापडला आणि १९६० पर्यंत लोकसंख्या १ लाख १६ हजारांवर पोहोचली. पुढे देश तेलाकडे वळला, आयात कोळसा स्वस्त पडू लागला, १९८१ मधील खाण दुर्घटनेत ९३ जण मृत्युमुखी पडले आणि १९९० मध्ये शेवटची खाणही बंद झाली. आज तेथे सात हजार माणसेही उरलेली नाहीत.

खाण कंपन्यांनी मागे ठेवलेली घरे आणि रुग्णालय नगर प्रशासनाने आपल्या अंगावर घेतले आणि वर ‘कोळशाकडून पर्यटनाकडे’ अशी घोषणा देऊन संग्रहालय, करमणूक उद्यान, हॉटेल यांवर पैसा ओतला. उत्पन्न होईना, तेव्हा अल्प मुदतीची कर्जे काढून, ह्या खात्याची टोपी त्या खात्याच्या डोक्यावर घालत, कितीतरी वर्षे हिशेब जुळता दाखवला गेला. २००६ मध्ये बिंग फुटले आणि पुढच्याच वर्षी, फेडायची तूट सुमारे ३,५३० कोटी येन असताना, शहराचा कारभार सरकारच्या देखरेखीखाली गेला. सगळ्या प्राथमिक शाळा मिळून एकच उरली. १७१ खाटांच्या रुग्णालयाच्या जागी १९ खाटांचा दवाखाना आला.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती रेल्वेची गोष्ट. २०११ मध्ये वयाच्या तिसाव्या वर्षी महापौर झालेले नाओमिची सुझुकी यांनी, रेल्वे कंपनी नोटीस देईल याची वाट न पाहता, १६ किलोमीटरचा फाटा बंद करा आणि मोबदल्यात बससेवेला हातभार लावा, असे स्वतःहून सुचवले. (आपल्याकडे असे म्हणणारा पुढारी दुसऱ्या दिवशी पदावर राहिला नसता.) मार्च २०१९ अखेर शेवटची गाडी धावली, आणि सुझुकी त्याच वर्षी होक्काइदोचे राज्यपाल म्हणून निवडून आले.

आता युबारीचे नाव जपानभर घेतले जाते ते खरबुजामुळे. २०१९ च्या हंगामातील पहिल्या लिलावात दोन फळांना ५० लाख येन मिळाले. महामारीच्या वर्षी तीच बोली १ लाख २० हजारांवर आली. अर्थात हा भाव प्रसिद्धीचा असतो. मी रस्त्याकडेच्या दुकानात एक फोड घेतली होती. गर केशरी आणि इतका मऊ, की चमचा सालीपर्यंत आपोआप उतरत होता. तेथील आजींनी ताटली परत घेताना साल निरखून पाहिली आणि अजून बोटभर गर राहिला आहे, असे सांगून ती पुन्हा माझ्यापुढे ठेवली.