देवाला किती मानतात ते मोजू नकोस

विश्रामबाग, सांगली

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझा प्रबंधाचा आराखडा सावकाश वाचला. पहिल्याच पानावर तू जगाचा तक्ता मांडला आहेस. एका बाजूला रोज प्रार्थना करणाऱ्यांचं प्रमाण, दुसऱ्या बाजूला दरडोई उत्पन्न. जिथे प्रार्थना जास्त तिथे पैसा कमी. आणि त्याखाली तुझं वाक्य, की भारताला पुढे जायचं असेल तर आधी धर्म बाजूला ठेवावा लागेल.

तक्ता चुकीचा नाही. अमेरिकेसारखा ठळक अपवाद सोडला तर श्रीमंत देशांत धार्मिकता कमीच दिसते. पण दवाखाना जवळ आला, म्हातारपणाची सोय झाली, पीक बुडालं तरी चूल पेटेल अशी खात्री वाटू लागली, की माणसाचे नवस आपोआप कमी होतात. म्हणजे आधी पैसा आला आणि मग देव मागे सरला, असंही तोच तक्ता सांगू शकतो. त्यावर तू काही वर्षं खर्ची घालणार आहेस, म्हणून आत्ताच लिहिते आहे.

आपल्याच देशाचं बघ. स्वातंत्र्यानंतर तीसेक वर्षं अर्थव्यवस्था सरासरी साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढत राहिली. राज कृष्ण या अर्थतज्ज्ञांनी १९७८ मध्ये त्या गतीला ‘हिंदू वाढीचा दर’ म्हटलं आणि ते नाव चिकटलं. १९८० नंतर वेग वाढला, १९९१ नंतर आणखी वाढला. त्या काळात लोकांनी देव सोडले का? वारीतली गर्दी वाढतच गेली. बदलले ते परवाने, आयातीचे नियम, बँका, टेलिफोन. जे जागचं हललंच नाही, त्याच्यामुळे गाडी आधी अडली आणि नंतर सुटली, असं कसं म्हणायचं?

मॅक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञावर तू बरंच लिहिलं आहेस. त्याने १९०४-०५ मध्ये प्रोटेस्टंटांच्या काटकसरीचा आणि कामसूपणाचा भांडवलशाहीशी संबंध जोडला. कन्फ्यूशियन चीनमधून तसं काही उगवणार नाही असं त्याचं मत होतं. पुढे दक्षिण कोरिया, तैवान, सिंगापूर झपाट्याने वर आले, तेव्हा लोक त्याच कन्फ्यूशियन परंपरेला श्रेय देऊ लागले: शिस्त, शिक्षणाची ओढ, वडीलधाऱ्यांचा मान. कॅथलिक बव्हेरिया एके काळी मागास शेतीप्रधान भाग होता, आज जर्मनीतल्या सर्वांत संपन्न राज्यांपैकी एक आहे. धर्मावरून गरिबी-श्रीमंतीचा खुलासा बहुतेक वेळा निकाल लागल्यावरच सुचतो. अशा खुलाशापासून जपून राहा.

वेबरचं आणखी एक मत तर आपल्या दारातच तपासता येतं. नांगरताना जीवजंतू मरतात, म्हणून अहिंसा पाळणारे जैन शेतीपासून दूर राहिले आणि व्यापारात शिरले, असं तो मांडतो. गुजरात-राजस्थानकडे पाहून पटतंही. पण तू एकदा समडोळीला जा, दुधगावला जा, नांद्र्याला जा. तिथे पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारी जैन घरं आहेत. सूर्यास्ताआधी जेवणारी, कंदमुळं वर्ज्य मानणारी, चातुर्मास मनापासून पाळणारी, आणि लाइट येईल त्या वेळी उठून उसाला पाणी पाजणारी. तेच तीर्थंकर, तीच व्रतं, आणि पोटापाण्याचा मार्ग मात्र वेबरच्या अपेक्षेच्या उलट. वारणा-कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीने इथल्या माणसाला शेतकरी केलं, आणि त्याच्या श्रद्धेने त्या शेतीशी जुळवून घेतलं. माणसं धर्म पाळता पाळता त्याचा अर्थही लावत असतात, हे तुझ्या तक्त्यात कुठेच दिसत नाही.

मग धर्माचा प्रगतीशी काही संबंधच नाही का? आहे, आणि फार खोल आहे. पण ‘देवाला किती मानता’ या प्रश्नातून तो हाती लागत नाही. श्रद्धेच्या नावाने कोणाला काय करू दिलं आणि कोणाला कशापासून अडवलं, तिथे बघ. कोणाला अक्षर शिकता आलं, जमीन कोणाच्या नावावर लागली, कोणाच्या शब्दावर उधारी मिळाली, कोणाच्या हातचं पाणी चाललं.

अक्षरापासूनच सुरुवात कर. बेकर आणि वोसमन या अर्थतज्ज्ञांनी २००९ मध्ये एकोणिसाव्या शतकातल्या प्रशियाचे जिल्हावार आकडे तपासले. प्रोटेस्टंट जिल्हे जास्त संपन्न होते हे खरं निघालं. पण साक्षरतेचा वाटा वेगळा काढल्यावर तो फरक जवळजवळ उरलाच नाही. प्रत्येकाने बायबल स्वतः वाचावं हा प्रोटेस्टंट सुधारणेचा प्रणेता मार्टिन ल्यूथर याचा आग्रह, मुलींनीसुद्धा. त्यासाठी शाळा निघाल्या. शास्त्र वाचायला शिकलेला माणूस करारनामाही वाचू लागला.

आता आपल्याकडे ये. इथे धर्माच्या नावाने अक्षरावरच पहारा बसला होता. तो पहारा मोडायला निघालेल्या जोतीराव फुल्यांचं मूळ गाव कटगुण, सातारा जिल्ह्यातलं. सावित्रीबाईंचा जन्म १८३१ चा, नायगावचा. आणि कर्मवीर भाऊराव पाटील, ज्यांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काल्याला रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला नेली, ते कुंभोजच्या जैन घरातले, म्हणजे वर सांगितलेल्या शेतकरी जैनांपैकीच. साताऱ्याच्या त्यांच्या बोर्डिंगमध्ये सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत. १९२७ मध्ये गांधीजी तिथे येऊन गेले. मुलांच्या जेवणाची भ्रांत पडली तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. त्या काळातल्या सवाष्ण बाईने मंगळसूत्र मोडायचं म्हणजे काय, हे तुझ्या पिढीला नीट कळणार नाही, म्हणून थांबून सांगते. ती देवाधर्माचं करणारी बाई होती. जे सर्वांत पवित्र मानलं ते परक्या पोरांच्या भाकरीसाठी देणं तिला धर्माबाहेरचं वाटलं नाही. हे लिहितानाही मला भरून येतं. आज रयतेच्या शाळांतून शिकून नोकरीला लागलेलं, कारखाना काढलेलं, बागायत केलेलं माणूस दक्षिण महाराष्ट्रात गावोगाव भेटतं. त्याच्या उत्पन्नात त्या मंगळसूत्राचा वाटा आहे. तो देशाच्या ताळेबंदात कोणत्या रकान्यात बसवणार? तुझ्या विषयाचा गाभा मला तिथे दिसतो.

हेच भाऊराव शाळा काढण्याआधी किर्लोस्करांचे नांगर विकत फिरत. त्या नांगराची गोष्टही टिपून ठेव. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमिनीत विष भिनतं अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. समजुतीमुळे प्रगती अडते याचं याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही, असं तू म्हणशील. पण पुढचा भागही वाच. भाषण ऐकून कोणी नांगर घेत नाही. शेजाऱ्याच्या रानात तो खोल चालतो आणि पीक बरं येतं हे डोळ्यांनी दिसावं लागतं. गरीब शेतकऱ्याला एक हंगामही बुडवून चालत नाही, म्हणून तो जुनं धरून ठेवतो, आणि त्या धरून ठेवण्याला देवाचं नाव देतो. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी देवाला मानण्याशी भांडण मांडलं नव्हतं. देवाच्या नावाने होणारं शोषण त्यांनी वेगळं काढून दाखवलं. २०१३ मध्ये त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. श्रद्धा आणि शोषण यांत तोच भेद तुझ्या प्रश्नावलीत हवा.

विश्वासाचं अर्थशास्त्र पाहायचं तर विट्याला जा. खानापूर, आटपाडी हा दुष्काळी पट्टा. तिथली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, धंद्यात देशभर पसरली. गावाकडचं पोरगं चुलत्याच्या नाहीतर मामाच्या दुकानात जातं, भट्टी शिकतं, काही वर्षांनी दुसऱ्या शहरात स्वतःचं दुकान टाकतं. लाखाचा माल नुसत्या शब्दावर हातात दिला जातो, कारण शब्द मोडला तर यात्रेत तोंड दाखवायला जागा उरत नाही. गावचा देव इथे जामीन राहतो. इंग्लंडमधल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाचंही असंच. त्यांना विद्यापीठांचे दरवाजे बंद होते, ते व्यापारात आले, एकमेकांच्या शब्दावर पतपुरवठा झाला आणि त्यांतून बँका उभ्या राहिल्या. मात्र या विश्वासाला कुंपण असतं. जो भावकीतला नाही, पंथातला नाही, त्याला ती उधारी मिळत नाही. देश पुढे जातो तो अनोळखी माणसाच्या शब्दावरही व्यवहार होऊ लागल्यावर, आणि त्यासाठी कोर्ट, कायदा, स्वच्छ नोंदी लागतात. श्रद्धा तिथवर एकटी पोचत नाही.

आता बायकांबद्दल. तुझ्या आराखड्यात त्यांच्यासाठी एक ओळ आहे, मला एक प्रकरण हवं आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, सगळ्या देशात तो २००५ मध्ये आला. आता कोणत्याही निबंधक कार्यालयाच्या व्हरांड्यात सकाळभर बसून बघ. भाऊ कागद घेऊन आलेला असतो, बहीण डोक्यावरून पदर घेऊन बाकावर, शेजारी हक्कसोडपत्र. माझ्या माहितीतल्या एका बाईला मी विचारलं, सही का केलीस? म्हणाली, ‘माहेर तुटलं तर भाऊबीजेला कुठं जाऊ?’ तिला साडी मिळाली, जेवण मिळालं. पुढे नवरा गेला. शिवणकामाचं दुकान काढायला कर्ज मागितलं तर बँकेने तारण विचारलं, आणि तिच्या नावावर एक गुंठाही नव्हता. कोणत्याच पोथीत हक्क सोड असं तिला सांगितलेलं नाही. पण ओवाळणीच्या तबकाआड ते सांगितलं गेलं, आणि कायद्यापेक्षा तेच जड ठरलं. सातबारावर नाव नाही म्हणून गावच्या सोसायटीचं पीककर्ज नाही, कर्ज नाही म्हणून धंदा नाही. अशा घरांची बेरीज करशील तेव्हा देशाचं किती उत्पन्न जन्मालाच आलं नाही याचा अंदाज येईल. मला याचा राग येतो आणि तो लपवावासा वाटत नाही.

तैमूर कुरान या अर्थतज्ज्ञांचं काम याच वाटेचं आहे, ते नक्की वाच. एके काळी पुढे असलेला मध्यपूर्वेचा प्रदेश मागे का पडला, याचं उत्तर ते लोकांच्या श्रद्धेत शोधत नाहीत. वारसा, भागीदारी आणि वक्फ (इस्लामी धर्मादाय दान) यांच्या नियमांत शोधतात. भागीदार मेला की भागीदारी संपायची, वाटेकरी अनेक, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या चालेल अशी मोठी पेढी उभी राहणं अवघड. आणि वक्फला दिलेली मिळकत मूळ हेतूला कायमची बांधलेली, काळ बदलला तरी वापर बदलता येत नसे. हाच प्रश्न आपल्या देवस्थानांना विचार. पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या रथावर भाविक नोटांच्या माळा चढवतात, रथ नोटांनी झाकून जातो. लोकांच्या मनातला देण्याचा भाव खरा आहे, त्याला नावं ठेवू नकोस. आपल्या भागातल्या देवस्थानांचे हिशेब मागून बघ. दिलेला पैसा कुठे जातो, शाळेत, दवाखान्यात, पाण्यात की नव्या कळसात, एवढंच शोध. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस मिशनरी म्हणून आले आणि १८९४ मध्ये तिथे रुग्णालय सुरू झालं. आज आसपासच्या जिल्ह्यांतला आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातला रुग्ण मिरजेला येतो. तिथली औषधाची दुकानं, लॉज, खानावळी यांचा उगम एका माणसाच्या धर्मश्रद्धेत आहे. श्रद्धा दवाखान्यात उतरली की तिचं उत्पन्न मोजता येतं.

बारो आणि मॅक्लिअरी या अभ्यासकांच्या २००३ च्या अभ्यासाचा तू आधार घेतला आहेस: स्वर्ग-नरकावरचा विश्वास वाढीला पोषक, प्रार्थनास्थळी जाणं मारक. वाच जरूर, पण प्रबंध त्यावर उभा करू नकोस. इतरांनी ते आकडे पुन्हा तपासले तेव्हा निष्कर्ष डळमळीत निघाले.

मी स्वतः गणपतीला जाते हे तुला ठाऊक आहे. म्हणून मी धर्माची बाजू घेते असं तुझ्या मनात येईल. तसं नाही. ज्या घरातून मुलीचं नाव सातबारावरून उतरतं, त्या घरातली पूजा मला निर्मळ वाटत नाही, आणि ज्या अर्थशास्त्राला त्या मुलीची आई नवस का बोलते हे कळत नाही, ते मला अपुरं वाटतं.

तेव्हा आता असं कर. प्रश्नावलीतला ‘आठवड्यातून किती वेळा देवळात जाता’ हा प्रश्न काढून टाक. त्याऐवजी घरात सर्वांत आधी कोण शिकलं आणि कितवीपर्यंत, पहिलं भांडवल कोणाच्या शब्दावर मिळालं, बहिणींनी हक्कसोड केलं का, मजूर लावताना जात बघितली जाते का, हे विचार. गावं चार घे: समडोळी, विट्याजवळचं एखादं, जतकडचं एक आणि मिरज शहरालगतचं एक. खरसुंडीच्या पौषी यात्रेत खिल्लार जनावरांच्या बाजारात बसलास तर एका दिवसात देव, उधारी आणि किंमत तिन्ही एकत्र दिसतील. बायकांशी बोलायला मात्र एखादी मैत्रीण बरोबर ने, त्या तुझ्यासमोर मोकळं बोलणार नाहीत. जगाचा तक्ता शेवटच्या प्रकरणासाठी राखून ठेव. सुधारलेली प्रश्नावली झाली की टपालाने पाठव, पडद्यावर वाचून माझे डोळे दुखतात.

तुझ्या
मॅडम