विचारा की काउंटरवर! : लायब्ररीबद्दलचे वाचकांचे प्रश्न

मागच्या वेळी शहरातल्या सार्वजनिक ग्रंथालयांबद्दल काय विचारायचंय ते पाठवा म्हटलं होतं, तर एवढे प्रश्न आले की यावेळी आख्खं सदर त्यालाच देतेय. नोकरी लायब्ररीतच झाली माझी, देवघेवीच्या काउंटरपासून संदर्भ विभागापर्यंत, त्यामुळे उत्तरं जरा मोकळेपणानेच लिहिलीयेत.

प्रश्न : माझी मुलगी न्यू जर्सीत असते. तिथे गावच्या लायब्ररीचं कार्ड फुकट, पाहिजे तेवढी पुस्तकं न्या, नातीला गोष्टींचा तास तोही फुकट. आणि इथे पुण्यात अनामत द्या, प्रवेश फी द्या, वर महिन्याची वर्गणी द्या. मग हे सार्वजनिक कसलं? – एक आजोबा, कोथरूड

आजोबा, तिथेही फुकट नाहीये हो. तुमच्या मुलीचं घर असेल तर तिच्या प्रॉपर्टी टॅक्समधून लायब्ररीचा वाटा आधीच गेलेला असतो, आणि भाड्याने राहत असेल तर घरमालक भरतो आणि भाड्यात वसूल करतो, फक्त काउंटरवर कोणी हात पुढे करत नाही म्हणून ते फुकट वाटतं. आपल्या देशातही अशी सोय आहे बरं का, मद्रासने १९४८ ला ग्रंथालय कायदा केला त्यात ग्रंथालय कर ठेवला, कर्नाटकनेही १९६५ च्या कायद्यात ठेवला. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा, त्यात असा करच नाही. आपल्याकडे सरकार स्वतः लायब्ररी चालवण्यापेक्षा लोकांच्या संस्थांना अनुदान देतं, आणि त्याला कारणही आहे, कारण या संस्था सरकारी खातं जन्मायच्या कितीतरी आधीच्या आहेत. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, तुमच्या पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं. आज राज्यात अशी अकरा-बारा हजार ग्रंथालयं आहेत, त्यांना अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं. ते येतं हप्त्याहप्त्याने, त्यातच पगार बसवायचे, त्यातच पुस्तकं घ्यायची, लाइटबिल भरायचं, मग वर्गणीशिवाय चालणार कसं? कर लावला असता तर बरं झालं असतं असं माझं स्पष्ट मत आहे, पण ते काउंटरवरच्या मुलीला सुनावून उपयोग नाही.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. अनामत ही तुमचीच असते, सभासदत्व सोडताना परत मिळते, फक्त पावती जपा, कारण लोक पावती हरवतात आणि मग वाद घालतात. आणि नुसते पेपर, मासिकं वाचायची असतील तर बहुतेक ठिकाणी मुक्तद्वार विभाग असतो, तिथे सभासद असायची गरजच नसते, जाऊन बसायचं. शिवाय पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा ठिकाणी शासकीय विभागीय ग्रंथालयं आहेत, ती खरोखर सरकारी. तिथलाही फॉर्म एकदा बघून ठेवा.

प्रश्न : बाबा गेले, त्यांची आठशेच्या वर पुस्तकं आहेत. आम्ही फ्लॅट बदलतोय. दोन लायब्ऱ्यांना फोन केला, दोघांनीही टाळाटाळ केली. फुकट देतोय तरी नको? वाईट वाटलं. – एक वाचक, ठाणे

वाईट वाटणं साहजिक आहे. पण जरा काउंटरच्या या बाजूला येऊन बघा. पुस्तक फुकट आलं तरी ते कपाटात जाईपर्यंत फुकट राहत नाही. प्रत्येक पुस्तक दाखल नोंदवहीत चढवायचं, दाखल क्रमांक टाकायचा, शिक्के मारायचे, विषय लावायचा, पाठीवर चिठ्ठी चिकटवायची, कॉम्प्युटरवर एंट्री करायची, सैल झालं असेल तर बाइंडिंगला द्यायचं, आणि हे करायला माणसं दोन किंवा तीन, त्यातलं एक रजेवर. बरं एकदा दाखल झालं की ते सहज काढूनही टाकता येत नाही, त्याला निर्लेखनाची रीतसर प्रक्रिया असते, यादी करा, कमिटीची मंजुरी घ्या. म्हणून ग्रंथपाल घेतानाच दहादा विचार करतात. त्यात जागेचा प्रश्न, त्यात वाळवी. आमच्याकडे एकदा देणगीच्या खोक्यातून वाळवी आली आणि पूर्ण रॅक बाहेर काढून उन्हात टाकावा लागला, तेव्हापासून खोकी आधी गच्चीवर उघडायची असा नियमच झाला.

तेव्हा असं करा. आधी यादी बनवा, लेखक, नाव, प्रकाशनाचं साल, बास. एक्सेलमध्ये केली तर उत्तम पण वहीत लिहून फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवले तरी चालतात. मग त्या यादीतून लायब्ररीला हवी ती निवडू द्या, आणि 'घ्यायची तर सगळी घ्या' असं म्हणू नका, तिथेच गाडी अडते. सगळीकडे असतातच अशा गाजलेल्या कादंबऱ्यांच्या जुन्या प्रती बहुधा कोणी घेणार नाही, पण बाबांकडे एखाद्या गावाचा इतिहास, जातीच्या किंवा व्यवसायाच्या परिषदांचे अहवाल, शाळेच्या शतकमहोत्सवाची स्मरणिका, जुन्या मासिकांचे बांधीव अंक असलं काही असेल तर ते वेगळं काढा आणि थेट संदर्भ विभागाशी बोला. लोक नेमकं हेच रद्दीत घालतात आणि लेदर बाइंडिंगचे विश्वकोश कौतुकाने घेऊन येतात!! तुम्ही ठाण्यातच आहात, मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून तिथे आहे, दुर्मिळ काही असलं तर आधी त्यांनाच विचारा.

उरलेल्यासाठी लायब्ररीच हवी असं थोडंच आहे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा 'ग्रंथ तुमच्या दारी' नावाचा उपक्रम आहे, पुस्तकांच्या पेट्या भरून गटागटाने वाचायला देतात, पार दुबईपर्यंत पेट्या गेल्यात, त्यांना विचारा. गावाकडची शाळा असेल तर मुलांना चालतील अशी पन्नास द्या. गाइडं, जुने दिवाळी अंक, कोर्सची पुस्तकं यांना मात्र रद्दीच, उगाच लायब्ररीच्या दारात रात्री गठ्ठा ठेवून जाऊ नका, लोक जातात म्हणून सांगतेय. आणि बाबांच्या नावाचं वेगळं कपाट हवं हा आग्रह धरणार असाल तर कपाटाचे पैसेही द्यायची तयारी ठेवा. पुस्तकाच्या आत 'अमुक यांच्या स्मरणार्थ' अशी चिठ्ठी लावा म्हणा, त्याला कोणी नाही म्हणत नाही आणि ती वाचकाच्या नजरेला पडते पण.

प्रश्न : आईला मोतीबिंदूनंतरही नीट दिसत नाही, आयुष्यभर वाचलंय तिने, आता नुसती बसून असते. लायब्ररी अशांसाठी काही करते का? – एक वाचक, डोंबिवली

करते, पण बोर्डावर लिहिलेलं नसतं. पहिलं म्हणजे आईचं कार्ड बंद करू नका, तिच्या कार्डावर तुम्ही पुस्तक नेलं तर बहुतेक ठिकाणी चालतं आणि काही लायब्ऱ्या ज्येष्ठांना घरपोचही देतात, विचारलं तर कळतं. पण खरी सोय वेगळीच आहे. २०१२ ला कॉपीराइट कायद्यात बदल झाला, त्यामुळे ज्यांना छापील वाचता येत नाही अशांसाठी पुस्तकाचं ऑडिओ किंवा ब्रेल रूप करायला लेखक-प्रकाशकाची परवानगी लागत नाही. त्यानंतर २०१६ ला 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं, त्यात बऱ्याच भारतीय भाषांतली पुस्तकं आहेत, मराठीही. त्याचं सभासद व्हायला दृष्टीचा त्रास असल्याचा दाखला लागतो, अगदी पूर्ण अंध असायला हवं असं नाही, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांशी बोला. मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडकडेही बोलती पुस्तकं आहेत. मोबाइल आईला जमणार नसेल तर तुम्ही डाउनलोड करून स्पीकरवर लावून द्या. पहिले दोन दिवस ती म्हणेल 'मला ऐकून वाचल्यासारखं वाटत नाही', तरी लावा, फक्त सुरुवात तिने आधी वाचलेल्या पुस्तकाने करा, अनोळखी पुस्तक एकदम कानाने घेणं जड जातं.

प्रश्न : पणजोबांनी १९२५-३० च्या सुमारास एक छोटं पुस्तक छापलं होतं असं घरात सांगतात. प्रत नाहीये. कुठे शोधू? – एक वाचक, नागपूर

मस्त प्रश्न. आधी घरबसल्या : नॅशनल डिजिटल लायब्ररी, आयआयटी खरगपूरने केलेली, आणि राज्य मराठी विकास संस्थेची वेबसाइट, दोन्ही फुकट. ठाण्याच्या ग्रंथसंग्रहालयानेही जुनी पुस्तकं स्कॅन केलीत. शोधताना नावाची स्पेलिंगं बदलून बदलून टाका, जुन्या पुस्तकांची एंट्री कशी केलीये याचा नेम नसतो, ऱ्हस्व-दीर्घ तर सोडाच. नाही सापडलं तर मुंबईत दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९८ चं, आणि फोर्टला टाउन हॉलमधलं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. हे दुसरं अशासाठी की १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत ज्या चार ग्रंथालयांना द्यायची त्यातलं मुंबईचं ते, बाकीची कोलकाता, चेन्नई आणि दिल्लीला. तुमचं पुस्तक त्या आधीचं आहे पण १८६७ च्या छापखाना कायद्यानेही प्रती सरकारजमा व्हायच्या, तेव्हा आशा आहे. जायच्या आधी फोन करा, जुनी पुस्तकं लगेच हातात मिळत नाहीत. सापडलंच तर पुन्हा छापता येईल का हेही तुम्ही विचारणारच, तर लेखक गेल्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं कॉपीराइट असतो. साने गुरुजी १९५० ला गेले, त्यांचं लेखन २०११ पासून मोकळं झालं, तसाच हिशोब पणजोबांचा लावा, आणि अजून मुदत संपली नसेल तर वारस तुम्हीच आहात की, भावकीला विचारा म्हणजे झालं.

प्रश्न : एमपीएससी करतोय. अभ्यासिकेत सकाळी सातला गेलं तरी सगळ्या खुर्च्यांवर बॅगा. – एक विद्यार्थी, पुणे

ग्रंथपालांना लेखी द्या, तोंडी नको. चारपाच जणांनी सह्या करून द्या. अर्धा तास माणूस नसेल तर बॅग उचलून काउंटरवर, हा नियम लागू झाला की बॅगा आपोआप कमी होतात, मी स्वतः उचलल्यात. आणि रिकाम्या पोटी नंबर लावायला पळण्यापेक्षा घराजवळची छोटी 'ब' किंवा 'क' वर्गाची लायब्ररी बघ रे, तिथे पंखा जरा आवाज करेल पण खुर्ची मिळेल. चालू घडामोडींसाठी मुक्तद्वारमध्ये सहासात पेपर येतात, ते विकत घेऊ नकोस.

प्रश्न : मुलगी सात वर्षांची, पुस्तक म्हटलं की पळते. लायब्ररीत काही कार्यक्रम असतात का? – एक आई, पणजी

अहो तुमच्याकडे तर चैन आहे, पाटोवरचं कृष्णदास शामा ग्रंथालय, १८३२ चं, पोर्तुगिजांच्या वेळेपासूनचं, तिथे मुलांसाठी वेगळा विभाग आहे. तिला नेऊन सोडा आणि तुम्ही लांब बसा. काय वाचतेस, हे नको ते घे, असं अजिबात नाही. चित्रं बघून परत ठेवलं तरी चालेल, एकच पुस्तक चारदा आणलं तरी चालेल. सुट्टीतले कार्यक्रम नोटीस बोर्डावर लागतात आणि जागा पटकन भरतात, एप्रिलच्या सुरुवातीलाच चौकशी करा. १५ ऑक्टोबरला महाराष्ट्रात वाचन प्रेरणा दिन असतो, त्या दिवशी भाषणं जास्त आणि वाचन कमी होतं म्हणून मी मुलांना साध्या वारीच न्यायला सांगते.

प्रश्न : लायब्ररीचं पुस्तक लोकलमध्ये राहिलं. आता? – एक वाचक, बदलापूर

आधी स्टेशन मास्तरकडे जाऊन चौकशी करा, सापडतात हो कधीकधी. नाही मिळालं तर लायब्ररीत जाऊन सांगा, लपवू नका, कारण जितके दिवस जातील तितका दंड वाढेल. तेच पुस्तक बाजारात मिळत असेल तर नवी प्रत आणून द्या, काम संपलं. आउट ऑफ प्रिंट असेल तर आजच्या किमतीचा अंदाज घेऊन पैसे भरावे लागतात, छापील किंमत चार रुपये आहे म्हणून चार रुपये पुढे करू नका. फुटपाथवर जुनी प्रत मिळाली तर तीही बहुतेक ग्रंथपाल आनंदाने घेतात, फक्त विकत घ्यायच्या आधी आतला शिक्का बघा, दुसऱ्या कुठल्या लायब्ररीचं नाहीये ना ते.