गृहयुद्ध पेटल्यावर सरकार आणि सामान्य माणसं दिवस कसे काढतात?

मी खानापूर तालुक्यात रेशन दुकान चालवतो. असल्या प्रश्नाला उत्तर द्यायला हा कोण, असं वाटेल तुम्हाला. पण बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचं सेंटर असल्यामुळे आमच्या गावांत जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणीतरी फौजेत गेलेलं असतं. आमचे थोरले आप्पा १९८७ साली भारतीय शांतिसेनेतून श्रीलंकेत जाफन्याला होते. लढाईचा विषय निघाला की ते तंबाखू मळत बसायचे, उत्तर द्यायचे नाहीत. एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा सांगायचे. "तिथंबी जिल्ह्याच्या ऑफिसाला कचेरीच म्हणत्यात गा. कचेरी!" त्यांना त्याची फार गंमत वाटायची.

पुढे मी त्या युद्धाबद्दल जमेल तेवढं वाचत गेलो आणि माझंही लक्ष त्या कचेरीवरच अडकलं. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे.

मार्च १९९० मध्ये शांतिसेना परत आली, जूनमध्ये युद्ध पुन्हा पेटलं आणि जाफना लिट्टेच्या, म्हणजे वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी सरकारशी लढणाऱ्या संघटनेच्या, ताब्यात गेलं. त्यांचे पोलीस, त्यांची कोर्टं, १९९४ पासून त्यांची बँकसुद्धा. आता कोलंबो सरकारने तिथून गाशा गुंडाळला असेल असं आपण धरून चालतो. तसं झालं नाही. लिट्टेच्या मुलखातल्या शिक्षकांचे, डॉक्टरांचे, कारकुनांचे पगार कोलंबोहून येतच राहिले. शाळांत सरकारचाच अभ्यासक्रम होता, बोर्डाच्या परीक्षा सरकारच्याच होत्या. तांदूळ-पिठाची पोती सरकार पाठवायचं, कधी रेडक्रॉसच्या झेंड्याखाली जहाजातून, आणि वाटप कचेरीमार्फत व्हायचं. आणि त्याच सरकारने उत्तरेकडे जाणारं इंधन, बॅटरी सेल, सिमेंट, खत अडवलं होतं. लिट्टेच्या हाती लागेल म्हणून.

शत्रूच्या मुलखात पोती कशाला पाठवायची? मी दुकानदार आहे, मला याचं उत्तर सोपं वाटतं. ज्या दिवशी तुम्ही एखाद्याचं कार्ड बंद करता, त्या दिवशी तो तुमचा नाही हे तुम्हीच लिहून देता. कोलंबोला तेवढं लिहून द्यायचं नव्हतं. आणि लिट्टेलाही ते परवडत होतं, कारण दवाखाने-शाळांचा खर्च परस्पर भागत होता.

लोकांनी मग काय केलं? सेल मिळेनात, तर सायकल स्टँडवर उभी करायची, एकाने पायडल मारायचं, डायनॅमोच्या विजेवर बाकीच्यांनी रेडिओच्या बातम्या ऐकायच्या. मोटारसायकल चार थेंब पेट्रोलवर चालू करून पुढे रॉकेलवर हाकायची. रॉकेलचं माप घालण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे हे वाचताना तो धूर नाकात आल्यासारखं होतं.

१९९६ मध्ये श्रीलंका सरकारने देशाची घड्याळं पुढे केली, लिट्टेने नाही केली. नंतर जवळजवळ दहा वर्षं चौकी ओलांडली की अर्ध्या तासाचा फरक पडायचा. बाहेर पडायला लिट्टेचा पास लागायचा आणि माणूस परत येईल याला घरातलं कुणीतरी जामीन राहावं लागायचं. थोडक्यात, सरकार नाहीसं होत नाही, उलट दोन सरकारं होतात आणि दोघांचेही कागद सांभाळावे लागतात.

सगळेच सांभाळू शकले असंही नाही. ऑक्टोबर १९९० मध्ये लिट्टेने उत्तर प्रांतातल्या सत्तर हजारांहून जास्त मुसलमानांना थोड्या तासांच्या मुदतीत घराबाहेर काढलं. त्यांना कुठला कागद उपयोगी पडला नाही.

कायद्याचंही बघा. तिथला दहशतवादविरोधी कायदा १९७९ साली तीन वर्षांसाठी म्हणून आणला, १९८२ मध्ये तो कायमचा झाला. युद्ध मे २००९ मध्ये संपलं, कायदा मागे राहिला. सरकारं लढाईच्या दिवसांत जी हत्यारं उचलतात ती खाली ठेवत नाहीत, हे माझं मत आहे, पटलं तर घ्या.

इथे थोडं विषयांतर. आमच्याकडच्या सीमावादाला हल्ली कुणीकुणी फेसबुकवर बसून "गृहयुद्ध" म्हणतं. डोकं सणकतं. १९५६ साली श्रीलंकेत सिंहली हीच एकमेव राजभाषा असा कायदा आला, त्याच वर्षी राज्य पुनर्रचनेत आम्ही तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलो. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात गोळीबारात आमची माणसं गेली, दर १ जूनला आम्ही हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकाला जातो. पण २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे, आणि माझ्या दुकानासमोरच्या रांगेत मराठी-कानडी एकामागे एक उभे असतात. शब्द जरा जपून वापरा.

नेपाळचं मला पुस्तकाबाहेरूनही थोडं माहीत आहे. आमच्या बाजारपेठेत रात्री शिट्टी वाजवत फिरणारा गुरखा अछाम जिल्ह्यातला. १९९६ ते २००६ तिथे माओवाद्यांचं युद्ध होतं. रात्री माओवादी चंदा मागायचे आणि पावती द्यायचे, सकाळी लष्कर येऊन तीच पावती का ठेवली म्हणून विचारायचं. गावोगावचे पंचायत सचिव जिल्ह्याच्या ठिकाणी पळाले, एका दाखल्यासाठी लोकांना डोंगर तुडवत तिकडे जावं लागे. २००२ मध्ये गावच्या कारभाऱ्यांची मुदत संपली, त्यानंतर तिथल्या निवडणुका थेट २०१७ मध्ये झाल्या.

आणि तरी त्या युद्धाच्या काळात नेपाळातली गरिबी ४२ टक्क्यांवरून ३१ वर आली. सरकारने काही मोठं केलं म्हणून नव्हे. पोरं पळाली, आखातात, मलेशियात, आमच्या बाजारपेठेत, आणि पैसे घरी पाठवत राहिली. मिटवताना मात्र नेपाळने श्रीलंकेपेक्षा बरं केलं. माओवाद्यांची हत्यारं कंटेनरमध्ये बंद झाली, २००८ मध्ये ते निवडणूक लढले आणि सर्वांत मोठा पक्ष ठरले.

राहिला बेपत्ता माणसांचा प्रश्न, आणि तो दोन्हीकडे राहिलाच आहे. कार्डावरचं नाव कमी करायचं तर मृत्यूचा दाखला लागतो. माणूस उचलून नेलेला असेल तर दाखला कशाचा? श्रीलंकेने २०१६ मध्ये त्यासाठी वेगळा "गैरहजेरीचा दाखला" काढला. तरी फेब्रुवारी २०१७ मध्ये उत्तरेकडच्या किलिनोच्चीत आया पोरांचे फोटो घेऊन रस्त्याकडेला बसल्याच.

आमच्या गुरख्याचा धाकटा भाऊ तेव्हाच नेला. कुणी नेला ते तो सांगत नाही. मध्ये एकदा दुकानात बसला असताना त्याने मला विचारलं, "तुमच्याकडे नाव कमी केलं नाही तर दंड पडतो का?" मी नाही म्हणालो. "मग राहू दे," म्हणाला, आणि काठी उचलून फेरीला गेला.