वास्तव वायूच्या हिशेबात आदर्श वायू कशासाठी?

आपला प्रश्न असा आहे की, वास्तव वायूच्या एन्थाल्पीतील व एन्ट्रॉपीतील बदल काढताना उष्माधारकता आदर्श वायूची (रेणूंमध्ये परस्पर ओढ नाही असे मानलेल्या वायूची) का घ्यायची आणि अवशिष्ट गुणधर्म, म्हणजे वास्तव वायू व त्याच तापमान-दाबाचा आदर्श वायू यांच्या गुणधर्मांतील फरक, दोनदा का काढावे लागतात.

या दोन्ही राशी केवळ अवस्थेवर ठरतात, त्यामुळे वायू प्रत्यक्षात कसा गेला हे बाजूला ठेवून हिशेबाला सोयीचा मार्ग निवडण्याची मुभा आपल्याला असते. वास्तव वायूची उष्माधारकता दाबानुसारही बदलते, तर आदर्श वायूची फक्त तापमानावर अवलंबून असते आणि तक्त्यांत सहज सापडते. म्हणून पहिल्या अवस्थेतील वायू त्याच तापमानाला व त्याच दाबाला आदर्श झाला असे मानायचे (इथे पहिला अवशिष्ट वजा होतो), तो आदर्श वायू म्हणूनच दुसऱ्या अवस्थेपर्यंत न्यायचा आणि तिथे दुसरा अवशिष्ट मिळवून त्याला पुन्हा वास्तव करायचे. एन्ट्रॉपीच्या मधल्या टप्प्यात दाबांच्या गुणोत्तराच्या लॉगॅरिथमचे पद येते. माझ्या अनुभवात विद्यार्थी सर्वाधिक वेळा विसरतात ते हेच.

कार्बन डायऑक्साइड घेऊ. त्याचे क्रांतिक तापमान ३०४.२ केल्विन, क्रांतिक दाब ७३.८ बार आणि पिट्झर यांनी १९५५ मध्ये मांडलेला अकेंद्री गुणक (रेणूचा आकार गोलापासून किती वेगळा आहे याचे माप) ०.२२४ आहे. ३५० केल्विन व २० बार या अवस्थेसाठी पिट्झर पद्धतीचे व्हिरियल समीकरण (आदर्श वायूच्या समीकरणात दुरुस्तीची पदे मिळवणारे) वापरले, तर संपीड्यता गुणांक (आदर्श वायूसाठी जो १ असतो) सुमारे ०.९४, अवशिष्ट एन्थाल्पी सुमारे −६०० ज्यूल प्रति मोल आणि अवशिष्ट एन्ट्रॉपी सुमारे −१.२ ज्यूल प्रति मोल-केल्विन येते. याच तापमानाला १ बारपासून २० बारपर्यंत दाब वाढवल्यास आदर्श वायूची एन्ट्रॉपी २४.९ ज्यूल प्रति मोल-केल्विनने कमी होते, म्हणजे त्या मानाने अवशिष्टाची दुरुस्ती लहानच आहे. एन्थाल्पीची गोष्ट मात्र वेगळी आहे, कारण स्थिर तापमानाला आदर्श वायूची एन्थाल्पी दाबाने बदलतच नाही आणि जो काही बदल होतो तो सगळा अवशिष्टांच्या फरकातूनच येतो. हाच वायू झडपेतून १ बारपर्यंत सोडला, तर एन्थाल्पी स्थिर राहत असल्याने तापमान सुमारे १४ अंशांनी उतरते; आदर्श वायूच्या गणिताने ते मुळीच उतरले नसते.

चिन्हाकडे लक्ष द्यावे. अवशिष्ट म्हणजे वास्तव वजा आदर्श. काही जुन्या पुस्तकांत ही वजाबाकी उलटी असते, तेव्हा तक्ता वापरण्याआधी व्याख्या वाचून घ्यावी. शिवाय, दाब शून्याकडे नेल्यावर अवशिष्ट एन्थाल्पी शून्य होते म्हणून अवशिष्ट आकारमानही शून्य होईल असे धरू नये. ते दुसऱ्या व्हिरियल सहगुणकाइतके (व्हिरियल समीकरणातील पहिल्या दुरुस्ती-पदाच्या सहगुणकाइतके) उरते.

वर वापरलेले समीकरण दाब मध्यम असेपर्यंतच चालते. क्रांतिक बिंदूजवळ किंवा त्याहून बऱ्याच जास्त दाबाला मी अवशिष्टांचे ली-केसलर तक्ते अथवा पेंग-रॉबिन्सन हे दाब, आकारमान व तापमान जोडणारे समीकरण घेतो. तीन टप्प्यांची मांडणी तीच राहते, बदलते ती फक्त अवशिष्ट काढण्याची रीत.