बॅकअप रिस्टोअर केल्यावर कॉम्प्युटर सुरूच होत नाही, दुकानदार फॉरमॅट मारायला सांगतोय. मारू का?

नाही. आणि ज्यानं सांगितलं त्याच्याकडं मशीन ठेवूही नका.

तुम्ही लिहिलंय की जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, बॅकअप शंभर टक्के उतरला, मध्ये एरर आली नाही, आणि आता काळ्या पडद्यावर बूट डिव्हाइस सापडत नाही एवढीच ओळ येते. म्हणजे पोत्यातला माल जागेवर आहे, फक्त पोत्यावरची चिठ्ठी गेली आहे. तेवढ्यासाठी कोणी पोतं रस्त्यावर ओतत नाही. आमच्याकडं मात्र ओतायला निघाले होते, म्हणून एवढं लिहायला बसलोय.

२०१९ चा ऑगस्ट. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोका पातळी ४५ फूट, त्या वर्षी कृष्णा ५७ च्या पुढं गेली. गणपती पेठेत आमचं किराणा होलसेलचं दुकान. २००५ चं पाणी कुठवर आलं होतं ते भिंतीवर बघून माल वरच्या फळ्यांवर चढवला, पाणी त्याच्याही वर गेलं. गल्ल्यामागचा कॉम्प्युटर बाहेर काढला तेव्हा त्यातून गाळच निघाला. पण अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे विंडोजसकट हुबेहूब नक्कल, मी दर रविवारी एक्स्टर्नल डिस्कवर घेत असे आणि ती डिस्क विश्रामबागेत घरी ठेवत असे. या सवयीची घरात भरपूर थट्टा झालेली. त्यात आमचे दाजी पुढं. त्यांचं म्हणणं, हिशेबाच्या टॅलीचं फोल्डर पेनड्राइव्हवर टाकलं की झाला बॅकअप, सगळी डिस्क उचलायचे उद्योग कशाला?

पाणी ओसरलं. विम्याच्या सर्व्हेअरला स्टॉकचा हिशेब पाहिजे, जीएसटीचं रिटर्न डोक्यावर, खेड्यांवरच्या दुकानदारांची उधारी कुणाकडं किती ते तोंडी कोण सांगणार? मिरजेतून कुठल्याशा ऑफिसातून निघालेलं एक मशीन आणलं, त्यावर इमेज उतरवली. चालू केलं, तर तुमच्यासारखाच काळा पडदा. शेजारी दाजी, आणि त्यांनी बोलावलेला त्यांच्या ओळखीचा हार्डवेअरवाला.

"फॉरमॅट मारतो. संध्याकाळपर्यंत नवंकोरं करून देतो."

"मार मार," दाजी म्हणाले.

"दाजी, त्याला हात लावू देऊ नका. तुम्ही चहा घ्या."

भानगड साधी होती. बुडालेलं मशीन जुन्या बायोसचं, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या जुन्या प्रोग्रामचं, आणि डिस्क एमबीआर या विभागणीच्या जुन्या पद्धतीची. मिरजेचं मशीन यूईएफआयवर, म्हणजे बायोसच्या नव्या अवतारावर लावलेलं. त्याला डिस्कवर बूटच्या फायलींसाठी ईएफआयचा छोटा, फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला विभाग लागतो, आणि आमच्या इमेजमध्ये तो असायचं काही कारणच नव्हतं. सेटिंगमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद केलं, लेगसी, म्हणजे जुन्या बायोससारखं सुरू व्हायची सोय, चालू केलं. विंडोजचा लोगो आला, ठिपके फिरले आणि एकदम निळा पडदा: इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस. हार्डवेअरवाला हसला. म्हणे, बघा, डिस्कच गेलेली आहे! त्याच डिस्कवरून लोगो आला होता, हे त्याच्या डोक्यात शिरेना. त्या मशीनचा साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, रेडवर होता आणि आमचं विंडोज एएचसीआय या दुसऱ्या पद्धतीवर बसवलेलं. मोड बदलून पुन्हा चालू केलं. डेस्कटॉप आला, टॅलीचा सगळा डेटा, प्रिंटरचं बिल-सेटिंग, आणि मुख्य म्हणजे श्रीलिपीच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या उधारीच्या याद्या, मराठीत, वाचता येतील अशा.

या याद्यांवरच दाजींशी माझं अजून वाजतं. त्यांना वाटतं डेटा म्हणजे फाइल. अहो, जुन्या मराठी फॉन्टमधली फाइल पेनड्राइव्हवर जपून ठेवली आणि फॉन्ट फॉरमॅटमध्ये गेला, तर फाइल उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची रांग दिसते. ती दाखवून तासगावच्या दुकानदाराकडून वसुली करून आणा बघू. फोल्डरच्या कॉपीत फायली येतात. काम ज्यावर चालतं ती मांडणी इमेजमध्येच येते. दाजी लग्नकार्यात अजून सांगतात की पुरात हिशेब वाचला तो टॅलीमुळं.

आता तुमचं. मशीन तेच आहे, म्हणजे बहुतेक इमेज घेताना नुसता सी ड्राइव्ह घेतलाय आणि त्याच्या शेजारचा १०० एमबीच्या आसपासचा ईएफआय विभाग राहिलाय. जुनी डिस्क अजून केबलला असेल तर आधी काढा. दोन्ही डिस्कची ओळख एकच असली तर विंडोज गोंधळतं. जुन्या डिस्कवरून पुन्हा पूर्ण इमेज घेता येत असेल तर तेच सगळ्यात सोपं. नसेल तर दुसऱ्या मशीनवर विंडोजचा पेनड्राइव्ह करा, ८ जीबीचा पुरतो, आणि त्यातून रिपेअरच्या कमांड प्रॉम्प्टवर जा. डिस्कपार्ट या कमांडमध्ये आधी विभागांची यादी बघा, कारण तिथं तुमचा सी हा सी असेलच असं नाही. ईएफआय विभाग नसेल तर सी थोडा आकसून जागा करा, तो विभाग बनवा, फॅट३२ करा, अक्षर द्या. मग बीसीडीबूट कमांडला विंडोज फोल्डरचा पत्ता आणि ते अक्षर द्या, बूटच्या फायली ती स्वतः लिहिते. लोक बूटरेक कमांडची फिक्सबूट सांगतात. विंडोज १० मध्ये ती पुष्कळदा अ‍ॅक्सेस नाकारते, तिथं डोकं आपटत बसू नका.

हे जीपीटी, म्हणजे विभागणीच्या नव्या पद्धतीच्या डिस्कचं झालं. डिस्क एमबीआर निघाली तर लेगसी चालू करून बघा, पण विंडोज ११ ला यूईएफआयच लागतं आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्यामुळं कधीतरी जीपीटीवर यावंच लागेल. बिटलॉकर, म्हणजे विंडोजनं डिस्कला लावलेलं कुलूप, असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की हातात असल्याशिवाय बायोसमध्ये शिरू नका, हे खरं तर वर सांगायला हवं होतं. मशीन बदललं की टॅली आणि विंडोज दोन्हीची अ‍ॅक्टिव्हेशन पुन्हा करायला लागतात, आम्हालाही लागली. आणि व्हायरसनं पोखरलेल्या मशीनला फॉरमॅट हाच इलाज, ते मीही मानतो. तुमच्या लिहिण्यात तसं काही दिसत नाही.

तरी दुकानदारालाच पैसे द्यायचे असतील तर आधी विचारा, डिस्क जीपीटी आहे का एमबीआर? त्यानं तुम्हालाच उलट विचारलं, "ते कशाला बघायचं?", तर मशीन उचला आणि घरी या.