साठ जणांच्या कंपनीत जावं का?

हिंजवडीतल्या मोठ्या सर्व्हिस कंपनीत तुम्हाला ४ वर्षं झालीत आणि बाणेरच्या ६० जणांच्या प्रॉडक्ट कंपनीची ऑफर हातात आहे. पगार थोडाच जास्त, ईसॉप (कंपनीचे शेअर पुढे ठरलेल्या किमतीला घ्यायचा हक्क, म्हणजेच ऑप्शन्स) मात्र भरपूर. मी अशाच एका कंपनीत ३५ माणसं असताना शिरलो आणि ४०० झाल्यावर बाहेर पडलो, तेव्हा जे पाहिलं ते सांगतो.

पहिलं वर्ष धमाल. सीटीओ, म्हणजे तंत्रज्ञानाचा प्रमुख, शेजारच्या खुर्चीवर, ग्राहकाचा फोन थेट मला. एका शुक्रवारी संध्याकाळी मी चालू डेटाबेसमध्ये भल्यामोठ्या टेबलाला एक कॉलम जोडायला गेलो. टेबल लॉक झालं आणि ४० मिनिटं एकही ऑर्डर आली नाही. कुणी ओरडलं नाही, पण सोमवारी नियम निघाला : शुक्रवारी रिलीज बंद. कंपनीतले बहुतेक नियम असेच कुणाच्या तरी फजितीतून जन्मतात. दीडशे माणसं होईपर्यंत दोन ओळींच्या बदलाला एक तिकीट, दोन रिव्ह्यू आणि एक मीटिंग लागायला लागली. नवे लोक याला शिस्त म्हणायचे, आम्ही जुने सरकारी कचेरी.

जागरणांची सवय होते. जड जातं ते डोक्यावर नवा माणूस येऊन बसतो तेव्हा. फंडिंग आलं की ‘मोठी टीम सांभाळलेला’ कुणीतरी हवा असतो. माझ्यावरही आला. कालपर्यंत फाउंडरशी चहा पिता पिता निर्णय घेणारा मी, आता माझं म्हणणं त्याच्या स्लाइडमधून वर जायचं. सहा महिने तोंड फुगवून बसलो. मग हळूहळू लक्षात आलं की मला टीम चालवता येतच नव्हती. पोरांचं अर्धं काम मी स्वतः रात्री उरकायचो आणि त्यालाच लीड करणं समजायचो. त्याच सुमारास नवी मुलं जुना कोड उघडून ‘कुणी लिहिलंय हे?’ म्हणायची. गिट ब्लेम (कुठली ओळ कुणी लिहिली ते दाखवणारी कमांड) मारलं की माझंच नाव!

आता ईसॉप. नुसत्या आकड्याला भुलू नका. १० हजार ऑप्शन्स म्हणजे कंपनीच्या एकूण किती शेअर्सपैकी, आणि एक्सरसाइज प्राइस, म्हणजे शेअर घेताना तुम्ही भरायची किंमत, काय, हे लेखी मागा. दिल्यापासून वर्षभर त्यातलं काहीच तुमचं होत नाही, कायद्यानेच ती किमान मुदत आहे. पुढे सहसा ४ वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळतात. खरी मेख टॅक्समध्ये आहे. ऑप्शन वापरून शेअर घेतलात की त्या दिवशीची किंमत आणि तुम्ही भरलेली किंमत यातला फरक पगारात धरून त्यावर स्लॅबप्रमाणे कर लागतो. कंपनी शेअर बाजारात लिस्टेड नसेल तर शेअर सहसा विकता येत नाही, कर मात्र खिशातून. काही स्टार्टअप्सना हा कर पुढे ढकलायची सवलत आहे, तुमची त्यात बसते का विचारा. आमच्याकडे नोकरी सोडल्यावर पैसे भरून शेअर घ्यायचे की ऑप्शन्स सोडायचे, हा निर्णय ९० दिवसांत घ्यावा लागायचा. माझ्या एका सहकाऱ्याचा नेमका तेव्हाच फ्लॅटचा हप्ता सुरू झाला होता. त्याने सगळे ऑप्शन्स सोडून दिले.

घरचा हप्ता नुसत्या पगारात भागत असेल तर जा, ईसॉप शून्य धरून हिशेब करा. सही करण्याआधी एचआरला नाही, तिथे तीन वर्षं काढलेल्या एखाद्या इंजिनिअरला गाठा आणि विचारा : पहिल्या दहांपैकी अजून किती जण आहेत, आणि गेले ते का गेले?